ओढा माघातच आटतो. तीन मीटर खोल खणला तर पाणी वाढेल का?

कऱ्हाकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न ओढ्याचा आहे, जरा लांबेल.

आमचा ओढा लहानच. उगमापासून कऱ्हेला मिळेपर्यंत सहा-सात किलोमीटर, आणि मिळतो तो नाझरे धरणाच्या खालच्या अंगाला. डोंगराच्या दोन घळी जिथं एकत्र येतात तिथून त्याला ओढा म्हणायचं, त्याच्या वर नुसत्या ओघळी. पहिला निम्मा भाग कातळातून येतो, थोडा खळाळ, मग डोह, परत खळाळ. सपाटीला लागला की पात्र पसरतं. दोन्ही बाजूंना पिवळसर मातीच्या दरडी, परस-दीड परस उंच, त्यांत चुनखडीचे खडे. मधे गाळ, बेशरम आणि वेडी बाभळ. पाऊस आमच्याकडे 500 मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही बराचसा परतीचा.

वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी चैत्रापर्यंत डोहात म्हशी बसायच्या. आता पौष सरला की वाहणं बंद आणि माघात डोह कोरडे. एकच जागा अपवाद आहे, उंबराचा डोह. तिथं कातळाच्या कपारीतून बारीक धार येते ती बंद पडलेली अजून तरी कोणी बघितलेली नाही.

आता ग्रामसभेत विषय आलाय की खालचा दोन किलोमीटर भाग सरळ करायचा, पोकलेन लावून 10 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. निघालेली माती ज्याला हवी त्याने शेतात टाकायची, त्यामुळे काठचे सगळे खूश. मी सदस्य आहे, माझी सही लागणार आहे. घरात म्हणतात, 'एकदा ओढा मोकळा करून टाका.' मला त्यात काहीतरी खटकतंय, पण नक्की काय ते सांगता येत नाही.

खरंच पाणी वाढेल का? आणि कोणाला न बोलावता, आपल्या आपण काही मोजून ठरवता येईल का?

---

सरळरेघ

दादा, डोळे झाकून करा. आमचं गाव भीमेच्या काठाला. आमच्याकडे ओढा खणला, पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब भरला. काठच्या विहिरी होळीपर्यंत वर होत्या. विरोध करणारेच नंतर मोटारी टाकायला पहिले आले. इथं लोक चर्चा करत बसतील, तोवर तुमचा निधी दुसऱ्या गावाला जाईल.

---

पाणलोटवाली

कऱ्हाकाठचे दादा, सहीआधी विचारलंत हे बरं केलंत. माझी निम्मी नोकरी विहिरीत उतरून थर मोजण्यात गेली. त्यामुळे ओढा दिसला की आधी शेजारच्या विहिरीत डोकवायची खोड आहे मला, आणि तुम्हालाही तेच करायला सांगणार आहे.

आपल्याकडची जमीन दख्खनच्या बेसाल्टची. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. एकेका थराचा मधला भाग घट्ट झाला, तो काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मधे कुठं कुठं गेरूचा लाल पट्टा असतो. आणि सगळ्यांत वर कुजलेला खडक, म्हणजे मुरूम. पाणी राहतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. काळ्या पाषाणात फट असली तर ठीक, नाहीतर तो कोरडाच. गेरू चिकण असतो, त्याच्यातून पाणी खाली जात नाही. ते त्याच्यावरून आडवं सरकतं आणि डोंगराला जिथं काप पडलाय तिथं बाहेर येतं.

पावसात ओढ्याला जे गढूळ पाणी धावतं ते शिवारावरून आलेलं. पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत ते कऱ्हेत गेलेलं असतं. कार्तिकात जे निवळशंख वाहतं ते निराळं. ते काठच्या मुरमात मुरलेलं पाणी आहे. विहिरीतली पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर आहे तोवर ते ओढ्यात पाझरतं. पातळी तळाच्या खाली गेली की ओढा आटतो. त्याच्याही खाली गेली की उलटा कारभार सुरू होतो, वरून आलेलं पाणीच ओढ्याच्या तळातून जमिनीत शिरायला लागतं.

म्हणजे तुमचा ओढा माघात आटतो याचा सरळ अर्थ असा की काठच्या मुरमातली पातळी पौषातच तळाखाली जाते. पूर्वी ती चैत्रापर्यंत टिकायची. बिघाड ओढ्याच्या पात्रात नाही, काठच्या जमिनीत आहे. पोकलेन मात्र पात्रात लागणार आहे.

आता खणल्यावर काय होतं ते बघू. ओढ्याचा तळ ही त्या मुरमातल्या साठ्याची सांड आहे, म्हणजे पाणी बाहेर पडायची वाट. रांजणाला तळाजवळ भोक पाडलं तर धार जोरात येते, आणि रांजण लवकर रिकामा होतो. सरळरेघ यांच्या गावी होळीपर्यंत विहिरी वर राहिल्या, हे मी खोटं म्हणत नाही. पण तिथं नदीकाठच्या गाळाची माती किती खोल आहे हे त्यांनी सांगावं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय झालं तेही.

थोडा हिशोब मांडते. 2 किलोमीटर लांब, 10 मीटर रुंद, 3 मीटर खोल म्हणजे 60,000 घनमीटर, 6 कोटी लिटर. कागदावर. प्रत्यक्षात ओढ्याला उतार आहे, पाणी सपाट राहतं. बांध घालून अडवलं तरी प्रत्येक बांधामागे पाचरीच्या आकाराचा साठा होतो, म्हणजे निम्मा, 3 कोटी. दुसरीकडे त्याच 2 किलोमीटरच्या दोन्ही काठांना 400-400 मीटर जमीन धरा, आणि त्यात 3 मीटर जाडीचा भिजलेला मुरूम-मांजऱ्या. त्याच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्केच पाणी आपल्याला निघून मिळतं, हिशोबाला 2 टक्के धरतात. तरी ते 96,000 घनमीटर होतं, साडेनऊ कोटी लिटर. न खणलेल्या जमिनीत चराच्या तिप्पट पाणी आहे, आणि त्याला ऊन लागत नाही. चरातल्या पाण्याचा पृष्ठभाग 20,000 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर जरी उडालं तरी रोज 1 लाख 60 हजार लिटर हवेत. आणि 3 मीटरचा काप मारून काठचा मुरूम रिता होणार तो वेगळाच.

ओढे-नाले रुंद, खोल खणायचं म्हटलं की लोक लगेच शिरपूरचं नाव घेतात, तिथं तशी कामं झाली म्हणून. शिरपूर तालुक्याचा बराच भाग तापीच्या जाड गाळाचा आहे. तिथं वरची चिकण माती फोडली की खालच्या वाळूत पाणी जातं. वाळूच्या गाळात तोच हिशोब 2 टक्क्यांऐवजी 16 टक्क्यांनी करतात. तुमच्याकडे खाली वाळू नसून पाषाण असेल, तर ते पुस्तक इथं उघडायचंच नाही.

आणखी एक. सरळ करायचं म्हणतायत. ओढा वळणं घेतो त्याने त्याचा उतार कमी होतो. वळण कापलं की लांबी घटते, उतार वाढतो, पुराला जोर येतो. खोल खणलेला भाग जिथं सुरू होतो तिथं एक पायरी तयार होते. दर पुरात तिची कड ढासळते आणि ती पायरी वरच्या अंगाला सरकत जाते. खणलं खाली, पण चार-पाच पावसाळ्यांत वरच्या लोकांच्या बांधाची माती ओढ्यात यायला लागते. ते ग्रामसभेत कुणाला विचारणार?

जाता जाता. तुमच्या त्या पिवळ्या दरडी म्हणजे नुसती माती समजू नका. कऱ्हेच्या काठी मोरगावला अशाच जुन्या गाळात ज्वालामुखीची राख मिळाली आहे, थेट सुमात्रातल्या टोबाची. ती 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर तज्ज्ञांचं भांडण चालू आहे. राखेबरोबर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही आहेत. तुमच्या दरडीत असं काही असेलच असं नाही, पण ट्रॉलीत भरण्याआधी कोणीतरी नजर टाकावी.

आता मोजायचं काय ते सांगते. ओढ्याकाठच्या चार-पाच विहिरी निवडा, खालच्या पट्ट्यातल्या दोन तरी हव्यात. प्रत्येकीत मुरूम कुठं संपतो आणि काळा पाषाण कुठं लागतो ते बघा, विहीर खणणाऱ्याला विचारलंत तरी सांगेल. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन ती पातळी ओढ्याच्या तळापेक्षा किती वर-खाली आहे ते काढा. उंबराच्या डोहाची धार बादलीने मोजा. खाली कुठं वाहतं पाणी सापडलं तर 10 मीटर अंतर आखून सुकलेलं पान सोडा आणि सेकंद मोजा. रुंदी 80 सेंटिमीटर, खोली 10, आणि पान 40 सेकंदांत गेलं, तर सेकंदाला 20 लिटर येतात. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात चालतं, म्हणून 0.85 ने गुणायचं: 17 लिटर.

---

दगडाखाली

ताईंनी जमिनीचं सांगितलं. मी पाण्यातलं सांगतो.

कऱ्हाकाठचे, तुम्ही 'खळाळ, मग डोह, परत खळाळ' असं सहज लिहून गेलात, पण ओढ्याची सगळी वस्ती त्या दोन शब्दांवर आहे. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. सावली गेली, पात्र पसरून पाणी उथळ झालं आणि तापलं, की तेवढाही राहत नाही.

दिवाळीनंतर उंबराच्या डोहाच्या खाली जा, घोटाभर पाण्यातला एक चपटा गोटा उचला आणि उलटा करा. पोटाला चिकटलेली वाळूच्या कणांची बारीक नळी दिसेल, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. नखाने हळूच डिवचली की एका टोकातून काळसर डोकं आणि पाय बाहेर येतात, लगेच आत जातात. कॅडिस माशीची अळी. तोंडातून रेशीम काढून ती एकेक कण चिकटवते, आणि कणही निवडून घेते. शेजारीच चपटी, शेपटीला तीन केस असलेली मे माशीची पिल्लं दगडाच्या सावलीच्या बाजूला पळतील. ही मंडळी भेटली तर पाणी चांगलं. त्याऐवजी गाळात लालभडक वळवळणाऱ्या अळ्याच भेटल्या, तर ऑक्सिजन संपलाय. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून त्या कोंडलेल्या पाण्यातही तगतात. 3 मीटरच्या सरळ चरात तुम्हाला याच अळ्या मिळतील, आणि वर डास.

खायला कुठून येतं यांना? बहुतेक काठावरून. उंबर, करंज, जांभळाची पानं पाण्यात पडतात, कुजतात, खेकडे आणि किडे ती फाडतात, त्याचा चुरा खाली वाहत जातो आणि खालच्या मंडळींचं भागतं. यंत्र आत उतरवायला एका बाजूची झाडं काढावीच लागतात, म्हणजे हे दुकान बंद.

मासे विसरू नका. मृगाच्या पहिल्या मोठ्या पाण्याला कऱ्हेतून वर येणारे चढणीचे मासे तुमच्या वडिलांनी नक्की बघितले असतील. ते अंडी घालायला वर येतात. मल्या तोंडाखालच्या चकतीने ओल्या दगडाला चिकटत चिकटत चढतो, पण उभ्या सिमेंटच्या भिंतीपुढे बाकीच्यांचं काही चालत नाही. आणि ओढा आटल्यावर जे मासे उरतात ते उन्हाळा काढतात एखाद्या डोहात. मरळ वरची हवा गिळून कमी ऑक्सिजनमध्येही राहते, बाकीच्यांना तेवढं जमत नाही. तुमच्याकडे तो डोह उंबराचा. त्याच्यात मोटार टाकून तळ गाठला की पुढच्या वर्षीचं बियाणं संपलं.

दरडींना भोकं आहेत का? मुठीएवढी, वरच्या कडेपासून हात-दीड हातावर? खंड्याची किंवा वेड्या राघूची असतील. त्यांना उभी, मऊ मातीची दरडच लागते. उतार देऊन सारखी केली की ते गेले.

---

सरळरेघ

झालं सुरू. आमच्याकडे गाळ चाळीस फूट आहे, विहिरीला खडक लागतच नाही, हे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. आणि हो, तिसऱ्या वर्षी तळाला गाळ बसला, परत काढावा लागला. पण शेतकऱ्याला प्यायला आणि पिकाला पाणी पाहिजे. अळीला पाय किती हे बघून ऊस वाढत नाही.

---

कऱ्हाकाठचा

सगळ्यांचे आभार. नळी, बादली आणि चुलतभाऊ घेऊन फिरलो. जे मिळालं ते लिहितो.

खालच्या पट्ट्यातल्या विहिरी: ओढ्याच्या तळापासून दोन-अडीच मीटर खाली मुरूम संपतो, मग काळा पाषाण. एका विहिरीत तर पाषाण त्याच्याही आधी लागलाय. कऱ्हेच्या संगमाजवळची शेवटची विहीर मात्र वेगळी, तिच्यात सगळी पिवळी माती आणि खाली गोटे-वाळू.

उंबराचा डोह: 15 लिटरची बादली 20 सेकंदांत भरते. कपारीच्या खालच्या ओठाला लाल माती लागते, बोटाला रंग येतो. तोच लाल पट्टा डोंगराच्या अंगाला डावीकडे लांबवर दिसतो, आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं.

दरडीला भोकं आहेत. एकातून खंड्या निघाला. गोटे उचलले, वाळूच्या नळ्या मिळाल्या, उंबराच्या खालच्या शंभरेक पावलांतच. त्याच्या पुढं एकही नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारली नाही. डोहाच्या वरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याला दोन नव्या बोअर आहेत. एकीचं झाकण काढून कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज येतो, सतत. मालक म्हणतो, बघा किती पाणी आहे. मला ते काही बरोबर वाटेना.

---

पाणलोटवाली

दादा, कान लावलात ते फार चांगलं केलंत. त्या आवाजातच तुमच्या ओढ्याचं दुखणं आहे. बोअरला केसिंग, म्हणजे आतून पाइप, घालतात ते वरची माती ढासळू नये इतपत, पुढं भोक उघडं. मग वरच्या मुरमातलं, मांजऱ्यातलं पाणी त्या भोकातून खालच्या फटींत पडत राहतं. मोटार बंद असली तरी पडतं. जे पाणी आडवं सरकत ओढ्यात यायचं ते उभं खाली गेलं. मालकाला ते बोअरचं पाणी वाटतं, पण आहे ते तुमच्या डोहाचं.

बादलीचा हिशोब: सेकंदाला पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास 65,000 लिटर. बारीक धार म्हणत होतात ना. उंबराचा झरा गेरूवरचा आहे हे आता नक्की. वरच्या थरात मुरलेलं पाणी गेरूवर अडतं आणि तिथं बाहेर येतं. म्हणून जपायचा तो डोह नव्हे, गेरूच्या पट्ट्याच्या वरचा डोंगर. समतल चर तिथं मारा. पण एक लक्षात ठेवा, आपले थर जवळपास आडवे असले तरी पूर्ण आडवे नसतात. झऱ्याचं पाणी डोंगराच्या पलीकडच्या उतारावरूनही येत असू शकतं. तो लाल पट्टा पलीकडे कोणत्या उंचीला आहे ते बघून या. मोबाइलचं उंचीमापक दहा-वीस मीटर खोटं बोलतं, टोपोशीटच्या, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाच्या, समोच्च रेषा वापरा.

खालच्या पट्ट्याचं उत्तर तुमच्या विहिरींनीच दिलंय. मुरूम तळाखाली दोन-अडीच मीटर आणि खणायचंय 3 मीटर. म्हणजे मुरूम आरपार कापून पाषाणाला टेकणार. काठच्या जमिनीत उन्हाळ्यासाठी काही ठेवायचंच नाही असं ठरवलं असेल तर करा. सही करू नका, किंवा केलीत तर 'तळाखाली खोदकाम नाही' असं लिहून करा.

सरळरेघ, चाळीस फूट गाळावर तुम्ही केलंत ते तुमच्या जमिनीला धरून होतं. आणि ऊस म्हणाल तर तो वाढावा म्हणूनच मुरूम कापू नका म्हणतेय. संगमाजवळच्या शेवटच्या विहिरीची जमीन तुमच्यासारखी दिसते. तिथं थोडं काम होऊ शकेल, पण ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने जागा बघून सांगू दे. माझ्या फोरमवरच्या शब्दावर पोकलेन लावू नका.

यंत्र आणायचंच असेल, कारण निधी परत जाईल ही भीती खरी असते, तर ओढ्यावर जुने बंधारे असतील त्यांच्यामागचा गाळ काढा. 2017 ला सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेत तेच तर करतात. काठच्यांना मातीही मिळेल. गाळ मऊ लागतो. गोटे किंवा मुरूम लागला की तो मूळ तळ, तिथं थांबायचं. झाडं असलेल्या बाजूने यंत्र उतरवायचं नाही, आणि दरडीला हात लावायचा नाही.

---

दगडाखाली

जुने बंधारे असतील तर गाळ काढताना एक काम फुकटात होईल. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला एका कडेला मोठे दगड टाकून तिरका, खडबडीत उतार करून ठेवा, सांडव्याचं पाणी त्यावरून खेळत जाईल असा. पहिल्या पाण्याला मासे त्यावरून चढतात. दगड गुळगुळीत लावू नका, आणि सिमेंटने फटी बुजवू नका. गवंड्याला ते बघवणार नाही, पण ऐकायचं नाही.

---

कऱ्हाकाठचा

ताई, शेवटचं विचारतो. बोअरवाला माझा भाऊबंदच आहे, त्याला काय सांगू? आणि बेशरम तर काढली पाहिजे ना? तिने अर्धं पात्र खाल्लंय. लव्हाळा आणि पाणकणीसही त्यातच काढून टाकावं का?

---

पाणलोटवाली

भाऊबंदाला बोअर बुजव म्हणालात तर बोलणं बंद होईल. केसिंग मांजऱ्याच्या खाली पक्क्या पाषाणापर्यंत उतरवून बाहेरची फट चिकणमातीने बंद करायला सांगा. त्याचं खालचं पाणी त्याला राहील, वरचं ओढ्याला. आधी उंबराची धार दर अमावास्येला मोजून वहीत लिहायला लागा. आकडे असले की बोलणं सोपं जातं. डोहावरच्या मोटारी माघापासून उचलायच्या हा ठराव मात्र याच ग्रामसभेत घ्या, पोकलेनच्या विषयाला लागूनच.

लव्हाळा ठेवा. त्याची मुळं काठ धरतात, आणि शेतातून येणारं खत त्यात अडकतं. पाणकणीस बंधाऱ्याच्या गाळात माजलं असेल तेवढंच काढा. बेशरम काढायचीच, पण तोडून ओढ्यात टाकली तर प्रत्येक कांडी रुजते आणि पूर ती कऱ्हेपर्यंत पोचवतो. वैशाखात, पात्र कोरडं असताना, मुळासकट उपटा, पाण्यापासून लांब खडकावर पसरा आणि पार कुडकुडीत वाळेपर्यंत हलवू नका. गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून बिनधास्त राहू नका, शेळ्या लावतात आणि आजारी पडतात. मोकळ्या झालेल्या जागी पहिल्या पावसात करंजाच्या शेंगा आणि निरगुडीच्या फांद्या लावा, दरडीच्या पायाशी, पात्राच्या मधे नको.

आणि टोपोशीट मिळाली की बघून इथं लिहा: तुमचा ओढा काळ्या रेघेने दाखवलाय की कुठं निळा आहे? कोरडा प्रवाह काळा छापतात आणि पाणी असेल तेवढा तुकडा निळा. उंबराच्या खाली निळं किती लांब जातं ते मला हवंय, शीटच्या पाहणीचं वर्षही त्याच्यासोबत टाका.